मानेतला तडा

धरणाच्या पोटातून आडव्या जाणाऱ्या बोगद्याला इंजिनिअर गॅलरी म्हणतात. कोयना धरणाच्या एका टोकाला, काठाजवळच्या बुटक्या ठोकळ्याच्या, म्हणजे मोनोलिथच्या, गॅलरीत १९६७ साली एक यंत्र बसवलेलं होतं. त्याचं काम मोठं अजब. एरवी गप्प पडून राहायचं आणि जमीन जोरात हलली तरच जागं व्हायचं. जागं झालं की आतला प्रकाशाचा ठिपका सरकत्या फोटो-कागदावर थरथरती रेघ ओढत जाई. जमिनीने कुठल्या क्षणी, कुठल्या दिशेला, किती जोराचा हिसका दिला, हे त्या रेघेवरून नंतर मोजता येई. ११ डिसेंबरच्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी हे यंत्र जागं झालं.

बाहेर त्या वेळी कोयनानगर कोसळत होतं. दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सुमारे १८० माणसं गेली, हजारावर जखमी झाली. रिश्टर मापनावर साडेसहाच्या आसपासचा हा भूकंप मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. पानशेत धरण फुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्यामुळे उजाडताना खालच्या गावांत एकच विचारणा होती: धरण शाबूत आहे का?

धरण उभं होतं, आणि शिवसागर जलाशयातलं पाणीही जागच्या जागी होतं. मात्र सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच मोनोलिथवर, माथ्यापासून सुमारे साडेछत्तीस मीटर खाली, आडवे तडे गेले होते. काही अपस्ट्रीम अंगाला, काही डाउनस्ट्रीमला, काही ठिकाणी दोन्हीकडे. खालच्या अंगाला काही तड्यांतून पाणी झिरपत होतं.

तडे पडलेलं धरण आणि त्याच धरणाच्या अंगात नोंदलेली भूकंपाची रेघ, अशी जोडी जगात कुणाच्या हाती तोवर लागली नव्हती. चीनमधल्या शिनफेंगजियांग धरणाला १९६२ च्या भूकंपात माथ्याजवळ असाच आडवा तडा गेला होता, पण कोयनेसारखी नोंद तिथे नव्हती. प्रयोगशाळेत नमुना मोडायचा तर तीन गोष्टी हव्यात: नमुन्याचं माप, लावलेला जोर आणि तुटल्याची जागा. १०३ मीटर उंचीच्या खऱ्या धरणावर हा प्रयोग मुद्दाम कोण करील? कोयनेत तो होऊन गेला आणि तिन्ही आकडे मागे राहिले.

नमुना आधी नीट पाहायला हवा. कोयना हे वजनाच्या जोरावर उभं राहणारं धरण. लांबी सुमारे ८०७ मीटर. बांधणी रबल काँक्रीटची, म्हणजे मोठाले दगड आणि त्यांच्या सांदीफटीत भरलेलं काँक्रीट. भिंत सलग दिसते, पण ती लादी पावासारखी उभ्या जोडांनी विभागलेली आहे. यातला एकेक पाव म्हणजे मोनोलिथ, साधारण १५ मीटर रुंदीचा. काँक्रीट थंड होताना आक्रसतं. जोड ठेवले नाहीत तर ते स्वतःच वेड्यावाकड्या भेगा पाडून घेतं.

एखादा उंच मोनोलिथ आडवा कापून पाहिला तर पायथ्याशी रुंदी ७० मीटर भरते. वर जाताना खालच्या अंगाचा उतार त्याला झपाट्याने निमुळता करत नेतो आणि साडेसहासष्ट मीटर उंचीवर रुंदी १९ मीटरांच्या थोडी वर उरते. तिथे उतार एकदम मोडतो. पुढचा साडेछत्तीस मीटरांचा भाग जवळजवळ सरळ वर जातो आणि माथ्यावरही जवळपास १५ मीटर जाड राहतो. साध्या त्रिकोणी धरणापेक्षा हे रूप वेगळं. बांधकाम चालू असताना आराखडा बदलला गेला, त्यातून ते आलं. खांद्यांवर मान आणि मानेवर जडसं डोकं, असा हा आकार. पुढे इंग्रजी शोधनिबंधांतही या जागेचं नाव ‘नेक’ म्हणजे मान असंच पडलं. तडे गेले ते या मानेत.

आराखडा करणाऱ्यांनी भूकंपाचा विचारच केला नव्हता असं नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी तो केला होता. १९०८ मध्ये इटलीतलं मेसिना शहर भूकंपात उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तिथल्या इंजिनिअरांनी एक सोपा हिशेब रूढ केला: इमारतीच्या वजनाचा ठरावीक अंश आडवा जोर म्हणून लागेल असं समजायचं आणि तेवढा जोर पेलेल अशी बांधणी करायची. धरणांनीही हीच वाट धरली. पुढे हूव्हर धरणाच्या निमित्ताने वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये भूकंपात पाणी भिंतीला किती जादा रेटा देतं याचं सूत्र दिलं, तेही याच हिशेबात मिळवलं जाऊ लागलं. कोयनेसाठी धरलेला अंश होता ०.०५, म्हणजे वजनाचा विसावा हिस्सा. दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित मानलं जात असे, त्यामुळे हा आकडा कुणाला कमी वाटला नाही.

गॅलरीतली रेघ मोजल्यावर निघालेले आकडे असे होते: धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ६३ टक्के, नदीच्या दिशेने ४९ टक्के, वर-खाली ३४ टक्के. धरणाला खरा धोका नदीच्या दिशेच्या हिसक्याचा. तो आराखड्यातल्या आकड्याच्या जवळजवळ दसपट होता.

दसपट जोर लागूनही धरण आडवं का झालं नाही? आणि पायथा सोडून तडा मानेत का गेला? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग असा की भूकंपाचा जोर एका दिशेने टिकत नाही. सेकंदाच्या काही अंशात तो उलटा फिरतो, त्यामुळे एवढा अवाढव्य ठोकळा लोटून द्यायला त्याला उसंतच मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र वजनाचा विसावा हिस्सा धरणाऱ्या हिशेबातून मिळणं शक्य नव्हतं. त्या हिशेबात पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळं धरण एकाच जोराने ढकललं जातं. तसं धरलं तर मानेत काळजी करण्यासारखं काहीच निघत नाही.

एसटीत दांडा न धरता उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. गाडीने गचका दिला की पाय जेमतेम वीतभर सरकतात, डोकं मात्र हातभर झोकांडतं. धरणाचंही तसंच. कोयनेचा उंच मोनोलिथ स्वतःच्या ओढीने सेकंदाला साधारण तीन हेलकावे घेतो. जमिनीच्या हिसक्यांत त्या तालाशी जुळणारे हिसके आले की माथा पायथ्यापेक्षा कितीतरी जोरात झुलतो. माथा झुलला की त्याच्या वजनाची ओढ मानेवर येते. मान एका बाजूने दाबली जाते, दुसऱ्या बाजूने ताणली जाते. पुढच्या झोक्याला बाजू बदलतात.

दाबाचं काँक्रीटला काही वाटत नाही. ताणाचं वाटतं.

कुठल्याही बांधकामाच्या साइटवर १५ सेंटिमीटरचे चौकोनी क्यूब पाण्यात बुडवून ठेवलेले दिसतात. २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात आणि काँक्रीट पास की नापास ते ठरतं. हा सगळा खटाटोप दाबाचा. ताण सोसायची काँक्रीटची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि ती मोजणंही जिकिरीचं. लोखंडाची सळई दोन्ही टोकांना पकडून ओढता येते. काँक्रीट पकडलेल्या जागीच फुटतं. त्यावरची युक्ती ब्राझीलमध्ये सापडली. रिओ द जानेरोत रुंद रस्ता काढायचा होता आणि वाटेत एक जुनं चर्च होतं. ते न पाडता काँक्रीटच्या रुळांवरून सरकवायचा विचार झाला, म्हणून रूळ आडवे ठेवून वरून दाबून पाहिले. ते पिठासारखे चुरले नाहीत, व्यासाच्या रेघेत उभे दुभंगले. वरून दाब दिला की आत आडवा ताण तयार होतो, हे फर्नांदो लोबो कार्नेरो यांनी त्यावरून ताडलं आणि १९४३ मध्ये ताण मोजायची चाचणी म्हणून मांडलं. चर्च काही वाचलं नाही. चाचणी जगभर ‘ब्राझिलियन टेस्ट’ म्हणून गेली आणि आपल्याकडच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळांतही केली जाते.

इकडे कोयनेत चर्चेला वेळ नव्हता. तडा गेलेला माथा आणि त्याला टेकलेलं पाणी अशा अवस्थेत पुढच्या पावसाळ्याला सामोरं जायचं होतं. तड्यांमध्ये इपॉक्सीचं ग्राउटिंग झालं. उंच मोनोलिथचा माथा खालच्या अंगाशी बांधून ठेवण्यासाठी ताणलेल्या पोलादी केबल घातल्या गेल्या. नंतर कायमचा इलाज म्हणून सांडवा सोडून उरलेल्या भागाला डाउनस्ट्रीम अंगाने काँक्रीटचे जाडजूड बट्रेस जोडले. वाड्याची कललेली भिंत धिरा देऊन सावरतात, त्यातलाच हा प्रकार, पण धरणाच्या मापाचा. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

कोयनेचे आकडे तोवर कॅलिफोर्नियात बर्कलीला पोचले होते. रे क्लफ तिथले प्राध्यापक. एखादी वस्तू मनाने लहान लहान तुकड्यांत वाटून, प्रत्येक तुकड्याचं गणित मांडून ते जोडायचं, या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव त्यांनीच १९६० मध्ये दिलं. या पद्धतीचा सिव्हिल इंजिनिअरिंगमधला एक अगदी पहिला मोठा उपयोग धरणावर झाला होता आणि तेही तडा गेलेल्या: आर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क धरणावर. त्याच विद्यापीठात अनिल चोप्रा होते. बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन ते बर्कलीला गेले, १९६६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि धरणं, पाणी व भूकंप हाच त्यांच्या कामाचा विषय झाला. त्यांनी आणि पी. चक्रवर्ती यांनी गॅलरीतली रेघ संगणकातल्या कोयनेच्या पायथ्याला लावली. ताण सर्वांत जास्त आला तो मानेत, दोन्ही अंगांना, आणि काँक्रीटच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट. कागदावरचा तडा आणि कोयनेतला तडा एका उंचीवर आले.

त्यांच्या कामातला दुसरा निष्कर्ष जास्त अस्वस्थ करणारा होता. दोष एकट्या कोयनेच्या आकारात असता तर प्रकरण सोपं होतं. पण हाच भूकंप नेहमीच्या आकाराच्या धरणाला लावून पाहिला, तर तिथेही वरच्या भागात काँक्रीटला न झेपणारा ताण निघत होता. वजनाचा ठरावीक अंश धरून बांधलेली असंख्य धरणं जगभर उभी होती. कोयनेने त्या सगळ्यांच्या हिशेबाची वही उघडली.

एवढ्याने काम भागलं नाही. तडा कुठे सुरू होईल हे गणिताने सांगितलं. सुरू झाल्यावर तो कुठवर जाईल, आरपार गेला तर वरचा तुकडा उभा राहील की घसरेल, हे त्या गणितात नव्हतं. ते पाहायला प्रत्यक्षात काहीतरी मोडून बघणं भाग होतं. बर्कली विद्यापीठाकडे १९७२ पासून सहा मीटर लांब-रुंद हलतं टेबल होतं. नोंदलेला भूकंप त्यावर जसाच्या तसा वाजवता येई. निवा आणि क्लफ यांनी त्यावर कोयनेच्या मोनोलिथची प्रतिकृती ठेवली. त्यांचा अहवाल १९८० चा. प्रमाण होतं १:१५०.

या प्रमाणातली मेख कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो. १०३ मीटरचं धरण १५० पट लहान केलं की उंची भरते ६९ सेंटिमीटर, पायथा ४७ सेंटिमीटर, मान १३ सेंटिमीटर. टेबलावर सहज मावेल असं खेळणं. ते काँक्रीटचंच का करू नये? कारण वस्तू दीडशे पट लहान झाली तरी पृथ्वीची ओढ लहान होत नाही. तेवढ्याशा ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनाने त्याच्या अंगात येणारा ताण खऱ्या धरणातल्या ताणाच्या दीडशेवा हिस्सा असतो. काँक्रीटचं खेळणं टेबलावर कितीही हलवलं तरी ढिम्म राहील. म्हणून प्रतिकृतीचा मसाला काँक्रीटइतकाच जड, पण त्याच्या दीडशेव्या हिश्शाइतका दुबळा हवा. खरं काँक्रीट चौरस सेंटिमीटरला साधारण ३० किलोच्या ताणाला तुटतं असं धरलं, तर या मसाल्याने २०० ग्रॅमला तुटायला हवं. भाजीच्या तराजूतल्या वजनांनी मोडेल असं धरण! बरं, नुसतं दुबळं असूनही भागत नाही. ते काँक्रीटसारखं कडकन तुटलंही पाहिजे; चिखलासारखं चेपलं तर सगळं मुसळ केरात. अशा प्रतिकृतींसाठी प्लॅस्टरच्या पातळ मिश्रणात जड पूड घालून प्रमाण जमवत बसावं लागतं. मग साचा काढताना, ठोकळा उचलताना श्वास रोखून धरायचा, कारण हाताच्या धक्क्यानेही तो जाऊ शकतो.

वेळही आकसतो. लांबी दीडशे पट कमी झाली की काळ तिच्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वाबारा पटीने, लहान करावा लागतो. कोयनेचे दहा सेकंद टेबलावर एका सेकंदाच्याही आत उरकतात. महिनोन्महिन्यांची तयारी आणि टाळी वाजवायच्या आत प्रयोग संपलेला. प्रतिकृतीला तडा गेला, तो मानेत.

पुढचं कोडं तड्याच्या टोकाशी होतं. गणिताच्या जुन्या रीतीत तड्याच्या टोकावरचा ताण अनंत होतो आणि संगणकातले तुकडे जितके बारीक करावेत तितकं उत्तर बदलत जातं. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये त्यावर तोड काढली. काँक्रीट काचेसारखं एका क्षणात दुभंगत नाही; भेग उघडत असताना खडीचे दाणे काही काळ दोन्ही अंगं धरून ठेवतात. ही पकड पूर्ण सुटेपर्यंत एक ठरावीक ऊर्जा खर्च होते आणि ती प्रयोगशाळेत मोजता येते. बाझांत आणि ओ यांनी १९८३ मध्ये हा विचार संगणकाला पचेल अशा रूपात आणला. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या जेरोम राफेल यांनी काँक्रीटच्या ताण-चाचण्यांचे ढिगाने आकडे एकत्र मांडून दाखवलं की भूकंपासारख्या झटक्याच्या ओढीला काँक्रीट संथ ओढीपेक्षा साधारण दीडपट तग धरतं.

नवं गणित मांडणाऱ्याला ते खऱ्या घटनेवर घासून दाखवावं लागतं. ही कसोटी जगाला कोयनेत मिळाली. ली आणि फेनवेस यांनी १९९८ मध्ये काँक्रीटच्या झिजत जाण्याचं जे गणित मांडलं, तेही त्यांनी कोयनेवर चालवून दाखवलं. इंजिनिअरिंगमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या अबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांच्या पुस्तकात काँक्रीट धरणाचं उदाहरण कोयनेचं आहे. कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठातला विद्यार्थी रात्री जागून पहिल्यांदा धरण हलवून पाहतो, तेव्हा बहुधा तो पाटण तालुक्यातलं धरण हलवत असतो. पाटण कुठे आहे हे त्याला ठाऊक असायची गरज पडत नाही.

भूकंप मुळात का झाला, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा झाला. १९६१ नंतर जलाशयात पाणी साठू लागलं आणि परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचाहून मोठा एक धक्का बसून गेला होता. शिनफेंगजियांग, झांबेझी नदीवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि कोयना, या चार जलाशयांची नावं पाण्याने चेतवलेल्या भूकंपांच्या चर्चेत एका दमात घेतली जातात. कोयनेत धक्के थांबलेले नाहीत. त्यांच्या मुळाशी जाण्यासाठी २०१६-१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधणविवर घेतलं गेलं. त्यात किलोमीटरभराहून जास्त जाडीचा काळा पाषाण भेदून ग्रॅनाइट लागलं. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे.

भूकंपाच्या नकाशालाही कोयनेने हादरा दिला. भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीत कोयना परिसर खालच्या पायरीवरून थेट चौथ्या क्षेत्रात गेला. पठाराचा बाकीचा बराचसा भाग मात्र सर्वांत सुरक्षित म्हणजे पहिल्या क्षेत्रातच राहिला. किल्लारी त्याच क्षेत्रात होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती पडल्या आणि हजारो माणसं त्यांच्याखाली गेली. २००२ मध्ये पहिलं क्षेत्र नकाशातून काढून टाकण्यात आलं.

आज कोयनानगरहून धरण पाहिलं तर बट्रेस जोडलेली भिंत दिसते. मान त्यांच्या आड गेली आहे. संगणकांतली कोयना मात्र वेगळी. तिला बट्रेस नाहीत, केबल नाहीत, इपॉक्सी नाही. पाणी पायथ्यापासून ९१.७५ मीटरवर, त्या रात्री होतं तिथेच. कुणीतरी बटण दाबतं, गॅलरीतली ती रेघ पायथ्याशी धावू लागते आणि साडेसहासष्ट मीटर उंचीवर, खालच्या अंगाला, एक तुकडा लाल होतो.